जळणारा नेहमी दुसराच!

शहाडच्या पुलावरून उल्हासनगरात उतरताना वाचायला भरपूर मिळतं. पुढच्या रिक्षाच्या पाठीवर ‘जळू नका, बरोबरी करा’. तिच्या शेजारून घुसणाऱ्या टेम्पोवर ‘बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं’. ट्रक असेल तर वाईट नजरेवाल्याचं तोंड काळं करणारा तो जुना हिंदी शाप ठरलेलाच. अंबरनाथला अर्धवट बांधलेल्या इमारतीवर काळी बाहुली लटकते. बदलापूरला नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की चौकटीला लिंबू-मिरची चढते, आणि गृहप्रवेशाचे फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर पडले की संध्याकाळी आजी मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढायला बसते.

मत्सर रंगवण्यात हा पट्टा मागे नाही, हे उघड आहे. पण या सगळ्या चित्रांत जळणारा कायम दुसरा असतो. भाऊबंद, शेजारी, सोसायटीचा सेक्रेटरी, ऑफिसातलं कुणीतरी. ‘मीच जळतोय’ असं पाठीवर मिरवणारी रिक्षा अजून रस्त्यावर यायची आहे.

म्हणूनच छायाचित्रकलेतल्या एका अवघड विषयाची शिफारस इथे करायची आहे. स्वतःचा फोटो स्वतःच काढायचा आणि त्यात स्वतःचा मत्सर दाखवायचा. ऐकायला सोपं वाटतं, कारण हल्ली दिवसाला दहा सेल्फी निघतात. पण सेल्फीतला माणूस इतरांना जळवायच्या तयारीत उभा असतो. नवी गाडी, नवा टॉप, मागे समुद्र. इथे उलट, ज्याच्या पोटात दुखतंय त्यालाच कॅमेऱ्यापुढे बसवायचं, आणि बसवणाराही तोच.

या प्रकाराची मुहूर्तमेढ एका सरकारी कारकुनाने रोवली, तीही छायाचित्रण जेमतेम रांगत असताना. इपोलित बायार हा पॅरिसमध्ये अर्थखात्यात नोकरीला होता. फावल्या वेळात खटपट करून त्याने थेट कागदावर छायाचित्र उमटवण्याची स्वतःची पद्धत शोधून काढली. 24 जून 1839 रोजी पॅरिसमधल्या एका धर्मादाय प्रदर्शनात त्याने आपली तीसेक छायाचित्रं लोकांसमोर मांडलीसुद्धा. तोवर त्याचा प्रतिस्पर्धी शोधक लुई दागेर याची पद्धत कशी चालते, हे लोकांना कळलेलंही नव्हतं. ती जाहीर झाली 19 ऑगस्टला. पण सरकारदरबारी वजन दागेरचं होतं. फ्रेंच सरकारने त्याला वर्षाला 6000 फ्रँकचं तहहयात निवृत्तिवेतन दिलं. बायारच्या हाती उपकरणांसाठी म्हणून काहीशे फ्रँक टेकवले गेले. शोधाचा मान एकाकडे, आणि दुसरा पुन्हा आपल्या टेबलावर फायली चाळायला.

बायारने 1840 मध्ये त्याचं उत्तर दिलं. त्याने स्वतःला कॅमेऱ्यासमोर बसवलं, कमरेपर्यंत उघडं, डोळे मिटलेले, मान कलंडलेली, अंगाखाली कापड, बाजूला भिंतीवर गवती टोपी. आणि जाहीर केलं की हा बुडून मेलेला माणूस आहे. छायाचित्राच्या पाठीमागे त्याने मजकूर लिहिला. त्याचा आशय असा, की दागेरवर खैरात करणाऱ्या सरकारला बायारसाठी काहीच करता आलं नाही, म्हणून या अभाग्याने पाण्यात उडी घेतली. मृतदेह कित्येक दिवस शवागारात पडून आहे, पण ओळख पटवायला कुणी आलेलं नाही. चित्रात त्याचे हात आणि चेहरा बाकीच्या अंगापेक्षा काळपट दिसतात. उन्हाने रापलेली त्वचा त्या काळच्या रसायनावर गडद उमटत असे. बायारने त्या दोषाचाही उपयोग करून घेतला: बघा, या गृहस्थांचा चेहरा आणि हात आता सडायला लागलेत, लांबूनच जा!

जगातलं पहिलं रचून काढलेलं छायाचित्र म्हणून त्याची नोंद होते. ते त्याच्याच घडवणाऱ्याच्या जळफळाटाचं आहे, याकडे मात्र फारसं लक्ष जात नाही. बायार अर्थातच बुडाला नाही. पुढे सरकारने वास्तूंच्या छायाचित्रणाच्या मोठ्या मोहिमेवर त्याला पाठवलं, 1854 मध्ये फ्रेंच छायाचित्रण संस्थेच्या संस्थापकांत तो होता, आणि 1887 पर्यंत तो जगला.

आता कुणी विचारेल, हा मत्सर कसा? ही तर रास्त तक्रार झाली. प्रश्न खरा आहे आणि बदलापूरकरांना तो पुस्तकात शोधावा लागत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल सोडल्या म्हणून कळव्यापाठोपाठ बदलापूर स्थानकात प्रवासी चिडून उभे राहिले. शेवटी मध्य रेल्वेला नव्याने सुरू केलेल्या 10 एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. ज्याला परवडत नाही तो ज्याला परवडतं त्याच्यावर जळतो, असा अर्थ त्यातून कुणी काढला असेल तर तो चुकीचा होता. रोजच्या गाडीत माणसं आधीच मावत नाहीत आणि तीच गाडी काढून घेतली, हा साधा हिशेब होता. अन्यायाविरुद्ध ओरडणाऱ्याला ‘तू जळतोस’ म्हणणं ही गप्प बसवण्याची फार जुनी युक्ती आहे.

बायारच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच देहात आहेत. तक्रार फक्त पैशाची आणि मानाची असती तर अर्ज करून भागलं असतं. कारकूनच तो, अर्ज लिहिणं त्याला चांगलं येत असणार. त्याने मजकुरात दागेरचं नाव घेतलं, दोघांची तुलना मांडली आणि स्वतःचं प्रेत केलं. तक्रारीला न्याय मिळाला की ती संपते. दुसऱ्याला मिळालंच कसं, हे खुपणं न्यायानंतरही उरतं. ते उरलेलं दाखवणं हेच या छायाचित्राचं काम आहे.

आणि ते खुपतं जवळच्याचंच. ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की माणूस मत्सर करतो तो काळ, ठिकाण, वय आणि नाव यांत आपल्या आसपास असणाऱ्यांचा. मुंबईच्या अब्जाधीशाचा बंगला इथे कुणाच्या डोळ्यात जात नाही. शेजारच्या विंगमधल्याने घेतलेला दुसरा फ्लॅट जातो. 2001 ते 2011 या दहा वर्षांत कुळगाव-बदलापूरची वस्ती एक लाखाच्या आतून पावणेदोन लाखांच्या घरात गेली. अंबरनाथ 2011 मध्ये अडीच लाखांचं होतं आणि उल्हासनगर पाच लाखांचं. दादर-परळच्या चाळींतून, डोंबिवलीच्या भाड्याच्या खोलीतून, गावाकडून आलेली, साधारण सारख्या पगाराची आणि सारख्या हप्त्याची माणसं एका वेळी एका जागी गोळा झाली. ॲरिस्टॉटलच्या चारही अटी पुऱ्या.

त्याचं रोजचं दर्शन सकाळच्या लोकलमध्ये घडतं. उल्हासनगर, अंबरनाथ, विठ्ठलवाडीचे काही प्रवासी आधी ‘डाऊन’ जाऊन बदलापूर गाठतात आणि तीच गाडी मुंबईकडे परतताना बसून येतात. बदलापूरचा माणूस स्वतःच्या स्टेशनात, सुटणाऱ्या गाडीत पाय ठेवतो तर खिडक्या भरलेल्या. कुणी डुलकी घेतंय, कुणी भजनाची वही उघडतंय, एका सीटवर नुसता रुमाल. त्या क्षणी उभ्या राहणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. तो पाहायला तिथे आरसा नसतो एवढंच. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकायला मिळालं की तोच माणूस पुढच्या स्टेशनवर चढणाऱ्याकडे पाहतही नाही.

पण चेहरा पाहण्यासारखा असतो म्हणजे नेमकं काय दिसतं? इथेच छायाचित्रकाराची खरी पंचाईत सुरू होते.

चार्ल्स डार्विनने 1872 साली माणूस आणि प्राण्यांच्या भावनांचे आविष्कार यावर पुस्तक काढलं, तेव्हा त्याला ऑस्कर रेलँडर या लंडनमधल्या छायाचित्रकाराने मदत केली. पुस्तकातल्या काही चित्रांत रेलँडर स्वतःच उभा आहे. संताप, किळस, खांदे उडवून दाखवलेली हतबलता, सगळं त्याने स्वतः करून दाखवलं. म्हणजे भावनेच्या अभ्यासासाठी काढलेली ही एका अर्थाने आत्मछायाचित्रंच. मत्सराचं चित्र मात्र त्यात नाही. मत्सर, असूया, संशय, कपट यांना ओळखू येईल असा ठरावीक चेहरा असतो का, याबद्दल डार्विनला शंका होती. कवी-चित्रकार अशा भावना दाखवतात त्या आजूबाजूच्या गोष्टींच्या आधाराने, असं त्याचं म्हणणं. हे खरंच आहे. चित्रकार जोत्तोने 1305 च्या सुमाराला पादुआच्या चॅपेलमध्ये मत्सर रंगवला तो एका बाईच्या रूपात: पायाशी जाळ, मुठीत थैली, आणि तोंडातून निघालेला साप उलटून तिच्याच डोळ्यांवर येतोय. साप काढून टाकला तर ती एक तक्रारखोर म्हातारी उरते.

भरताच्या नाट्यशास्त्राने हे कोडं आपल्या पद्धतीने सोडवलं होतं. असूया नऊ रसांत नाही. ती 33 व्यभिचारी भावांत येते, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या, फार काळ न टिकणाऱ्या भावांत. दुसऱ्याचं भाग्य, ऐश्वर्य, बुद्धी पाहून ती उपजते. नटाने ती दाखवायची ती चारचौघांत दुसऱ्याचे दोष काढून, त्याच्या गुणांना नावं ठेवून, मान खाली घालून, भुवया आक्रसून. या यादीतलं अर्धं काम बोलण्याचं आहे आणि छायाचित्र मुकं. उरली खाली घातलेली मान आणि क्षणभराची नजर.

पुष्पमाला एन. या बंगळुरूच्या कलावतीने 2000 ते 2003 या काळात नवरस स्वतःच्या चेहऱ्यावर उतरवले. त्यासाठी ती दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत गेली आणि पन्नासच्या दशकात सिनेतारकांचे फोटो काढणाऱ्या जे. एच. ठक्कर यांच्या दिव्यांखाली बसली. मेकअप, पोशाख, फिल्मी छायाप्रकाश, सगळं जुन्या थाटाचं. आपल्याकडचं हे सगळ्यात जवळचं उदाहरण, आणि ते लोकलने गाठता येईल अशा अंतरावर घडलेलं. शृंगार, रौद्र, भयानक असे रस त्या दिव्यांत पेलले जातात, कारण ते ठसठशीत आहेत आणि चेहरा धरून ठेवता येतो. असूयेला त्या मालिकेत खुर्ची नव्हती. नऊंच्या बाहेरची ही पाहुणी पकडायची तर स्टुडिओतल्या दिव्यांचा फार उपयोग नाही.

उपयोग आहे तो जागेचा आणि वस्तूंचा. या बाबतीत उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरइतकी सोय क्वचित कुठे असेल. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात दुकानांबाहेर ड्रेसिंग टेबलं मांडलेली असतात. आरशांसमोरून जाणारा प्रत्येक जण त्यात क्षणभर दिसतो, न घेतलेल्या वस्तूच्या चौकटीत. स्वतःचा चेहरा आणि किमतीची चिठ्ठी एकाच फोटोत आली की साप रंगवायची गरज राहत नाही. रात्रीच्या फलाटावर एसी लोकल थांबते तेव्हा तिच्या मोठ्या काचेत बाहेर उभ्या असलेल्याचं प्रतिबिंब आत बसलेल्यांच्या अंगावर पडतं. दोघं एकाच काचेत, एक बसलेला, एक लोंबकळायच्या तयारीत. बदलापूरच्या नव्या टॉवरांत ग्राहकांना दाखवायला सजवलेला ‘सॅम्पल फ्लॅट’ असतो. त्या पलंगाच्या कडेला, जिथे आपण कधी झोपणार नाही, तिथे बसून काढलेला स्वतःचा फोटो पाहा. आणि हसायचं नाही.

थोडं तंत्राचंही बोलायला हवं. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात माणूस स्वतःला आरशासारखा उलटा पाहत असतो आणि पाहता पाहता चेहरा सावरत जातो. त्यातून मत्सर कधीच निघणार नाही, निघेल नेहमीचा स्टेटसचा फोटो. शिवाय हातभर अंतरावरून लेन्स नाक मोठं करते आणि चित्र विनोदी होतं. फोन डब्याला टेकवून पाच-सहा फुटांवर ठेवावा, मागचा कॅमेरा वापरावा, स्वतःला दिसूच नये. दहा सेकंदांचा टायमर लावून धावत जागेवर येईपर्यंत भाव पळालेला असतो, तेव्हा व्हिडिओ चालू ठेवून नंतर त्यातली एक चौकट निवडणं बरं. हिरवा दिवा मात्र लावू नये. मत्सराला हिरवा रंग इंग्रजी नाटकांतून आला. आपल्याकडे माणूस जळतो, कुढतो, त्याच्या पोटात दुखतं. हिरवा होत नाही.

आणखी एक पथ्य, आणि ते तंत्राहून महत्त्वाचं. ज्याच्यावर जळतोय त्याला चित्रात ओढायचं नाही. शेजाऱ्याची गाडी नंबरप्लेटसकट, भावजयीचं मंगळसूत्र, मित्राचा प्रमोशनचा मेल, हे दिसलं की आत्मछायाचित्र संपलं आणि चहाडी सुरू झाली. बायारनेसुद्धा दागेरचं नाव मागच्या बाजूला लिहिलं, चित्रात तो एकटाच आहे.

आपल्या रंगभूमीचा सगळ्यात लाडका मत्सरग्रस्त गृहस्थ एका चित्रामुळेच पेटतो, हे इथे आठवायला हरकत नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी 1893 मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिलं. 1916 मध्ये त्याला संगीताचा साज चढून ‘संशयकल्लोळ’ झालं. एक तसबीर भलत्या हाती पडते आणि नवरा, बायको, प्रेमिक सगळे एकमेकांवर संशय घेत सुटतात. शंभर वर्षं प्रेक्षक फाल्गुनरावाला हसत आलाय. प्रत्येकाला तो आपल्या ओळखीतला कुणीतरी वाटतो. नाट्यगृहातून बाहेर पडताना ‘हा तर मीच’ म्हणणारा प्रेक्षक कमीच.

आज त्या एका तसबिरीच्या जागी दिवसाला शेकडो तसबिरी हातात येतात. फेसबुकवर लोक कशाने सगळ्यात जास्त जळतात, याचा 2013 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा इतरांच्या सहली आणि मौजमजेचे फोटो वरच्या क्रमांकावर निघाले. माथेरान, कोंडेश्वर, बारवीच्या वाटेवरचे पावसाळी फोटो ज्यांच्या ग्रुपवर जून-जुलैत कोसळतात, त्यांना हे कळायला जर्मनीला जावं लागत नाही. चौकातल्या फ्लेक्सवरही हाच खेळ मोठ्या मापात चालतो. वाढदिवस भाऊंचा, पण खालच्या रांगेतला कार्यकर्ता बॅनर लागल्यावर आधी पाहतो तो आपला फोटो कितव्या ओळीत आणि शेजारच्यापेक्षा किती लहान. बेकायदा फलकांवरून उच्च न्यायालयाने महापालिका-नगरपालिकांचे कान कितीदा उपटले, तरी हौस फिटत नाही. ज्या गावात एवढे चेहरे टांगलेले आहेत, तिथे एकही चेहरा खरं बोलू नये, हे जरा अतीच झालं.

याला आत्ममग्नतेचा नवा थाट म्हणून नाक मुरडणारे असतील. स्वतःच्या दुर्गुणाचं प्रदर्शन मांडून काय मिळतं, असंही विचारतील. काही मिळेलच असं नाही. मत्सराचा फोटो काढून मत्सर जातो, असा दावा इथे नाही. बायारचाही गेला असेल असं मानायला पुरावा नाही. पण छायाचित्रण ही कला म्हणून शिकवायची, स्पर्धा भरवायच्या, बक्षिसं द्यायची, तर सूर्यास्त, वारीतले पाय, म्हाताऱ्याच्या सुरकुत्या आणि पावसातली छत्री यांच्यापलीकडे कधीतरी जायला हवं. म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांवर बक्षीस घेणाऱ्याने स्वतःच्या कपाळावरची आठी एकदा तरी दाखवावी. दुसऱ्याचं दुःख टिपायला आपण फार तत्पर असतो, आणि त्यातला निम्मा तत्परपणा स्वतःकडे पाहावं लागू नये म्हणून असतो, असा संशय येतो.

उल्हासनगरची खोड काढायला ‘मेड इन यूएसए’चा विनोद लोक अजून सांगतात, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. फाळणीनंतर सिंधमधून हातात काही न घेता आलेल्या माणसांनी कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत संसार मांडले, 1949 मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि परदेशी वस्तूंसारख्या वस्तू बनवून त्यांनी बाजार उभा केला. ‘बरोबरी करा’ हा उपदेश रिक्षावर येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी पाळला होता. त्यांच्या नकलेला हसणारे मात्र त्यांच्याकडूनच जीन्स आणि सोफासेट नेत राहिले. या हसण्यात किती मत्सर होता, हे हसणाऱ्यांनी कधी कॅमेऱ्यासमोर सांगितलं नाही.

दरवर्षी 19 ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन साजरा होतो. दागेरची पद्धत जाहीर झाली तो हा दिवस, म्हणजे बायारच्या जखमेवरचं मीठच. त्या दिवसाच्या निमित्ताने शाळा-कॉलेजांत, नगरपालिकांच्या सभागृहांत, फोटोग्राफर मंडळींच्या संघटनांत स्पर्धा होतात. आयोजकांना विनंती एवढीच, की यंदा विषय ‘मत्सर’ ठेवा आणि नियम दोनच घाला: चित्रात चेहरा स्वतःचा हवा, दुसऱ्या कुणाचाही नको. आणि परीक्षकांनी आपापलं एकेक चित्र आधी भिंतीवर लावावं, मगच प्रवेशिका मागवाव्यात.